सिगालोवाद सुत्त आणि आपला संसार
(वर्धापनदिनाच्या कार्यक्रमातील भाषण)



आम्ही गिरणीत पाळीवर राबणारी माणसं. शाळा थोडी, बाकी वाचन विहाराच्या कपाटातलं. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

राजगृहाचा सिगाल रोज सकाळी ओल्या अंगाने सहा दिशांना हात जोडायचा. का, ते त्याला ठाऊक नव्हतं. बापाने मरताना सांगितलं, म्हणून करायचा. भगवान बुद्धांनी त्याला अर्थ दिला. पूर्व म्हणजे आईबाप, दक्षिण म्हणजे गुरू, पश्चिम म्हणजे पत्नी. पतीची पाच कर्तव्ये सांगितली : तिचा मान राखणे, अवमान न करणे, एकनिष्ठ राहणे, घरचा अधिकार तिच्या हाती देणे आणि दागिने-अलंकार देणे. पत्नीचीही पाचच. म्हणजे हिशेब दोन्ही बाजूंचा.

आता आमचीच गोष्ट. आम्ही वर्षानुवर्षे समतेवर भाषणे ठोकली, पण पगाराचं पाकीट आमच्याच खिशात. मुलीच्या लग्नाला कर्ज काढलं. मंडप, बँड, जेवणावळ. घरची म्हणत होती, "अहो, आधी पोरीची नर्सिंगची फी भरू." आम्ही ऐकलं नाही. कर्ज फिटलं, पण लेकीचं शिक्षण राहिलं ते राहिलंच. चौथं कर्तव्य आम्ही पाठ केलं होतं, पाळलं नव्हतं.

बाबासाहेबांनी डिसेंबर १९२७ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, महाडला, स्त्रियांपुढे वेगळं भाषण केलं. जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या महिला परिषदेत सांगितलं, की पत्नीने पतीची मैत्रीण आणि बरोबरीची म्हणून उभं राहावं, दासी होऊ नये. १९५१ साली त्यांनी मंत्रिपद सोडलं, त्यामागे हिंदू कोड बिल रखडल्याचं मोठं कारण होतं.

चीनचे लाओत्से पाण्याचा दाखला देत. मऊ पाणी कठीण खडक झिजवतं. आपल्या कुंडलिकेकाठी तो खडक कोणीही बघावा. घरात नमतं घेणं ही हार नव्हे. पण आजवर नमायचं काम बायांनीच केलं. आता ते आपण पुरुषांनी शिकायचं.

आमची सूचना अशी : विहारातल्या प्रत्येक मंगल परिणयात ही दहा कर्तव्ये मराठीतून वाचावीत, वधूवरांनी ती म्हणावीत. आणि कर्ज काढून लग्न नको. खर्च ठरवताना मुलीच्या आईला आधी विचारा.

आमच्या घरी आता हिशेबाची वही दोघांच्या हातची आहे. उशीर झाला, पण सुरुवात झाली.

नमो बुद्धाय, जयभीम!