बक्स्टनची शाळा
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



मंडळाच्या विद्यार्थी-साहाय्य निधीचा लाभ केवळ ज्ञातीतील मुलांनाच मिळावा की इतरांनाही, हा प्रश्न आज सभेपुढे यावयाचा आहे. तत्पूर्वी एका दूरच्या वसाहतीची हकीकत सांगण्याची आम्ही अनुज्ञा मागतो. जोतीराव फुले यांनी आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ १८७३ साली अमेरिकेतील ज्या सज्जनांना अर्पण केला, त्यांचे गुण आपण गातो. परंतु कोणी मुक्त करील याची वाट न पाहता जे गुलाम स्वतःच निघून गेले, त्यांच्याविषयी आपल्याकडे फारसे बोलले जात नाही.

ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी बंद करणारा कायदा १ ऑगस्ट १८३४ पासून अमलात आला होता. उलट अमेरिकेत १८५० च्या कायद्यामुळे उत्तरेकडील मुक्त राज्यांतही पळालेल्या गुलामास थारा उरला नाही. कॅनडाची सीमा ओलांडणे हाच मार्ग राहिला. दिवसा रानात दडावे, रात्री ध्रुवताऱ्याच्या रोखाने चालावे, कोणी आसरा देईल तेथे घटकाभर विसावावे, असे करीत सहस्रावधी स्त्रीपुरुष तेथे पोहोचले.

पण पोहोचल्यावर पुढे काय? खरी कसोटी येथेच होती. विल्यम किंग नावाचा आयरिश पाद्री विवाहसंबंधाने स्वतःच गुलामांचा धनी झाला होता. त्याने आपल्या पंधरा गुलामांना मुक्त करून कॅनडात आणले आणि १८४९ साली चॅटम गावानजीक सुमारे नऊ हजार एकरांवर बक्स्टनची वसाहत स्थापिली. तेथे जमीन फुकट दिली जात नसे. प्रत्येक कुटुंबाने पन्नास एकर घ्यावे, एकरी अडीच डॉलर दहा वर्षांच्या हप्त्यांनी फेडावे, दारू वर्ज्य करावी, असे नियम होते. घर किमान चोवीस फूट लांब व अठरा फूट रुंद असावे, पुढे ओसरी, बाग व कुंपण असावे, हाही नियमच! कुंपणाचा एवढा आग्रह प्रथम हास्यास्पद वाटतो. परंतु ज्याच्या मालकीचे स्वतःचे शरीरही नव्हते, त्यास आपल्या हाताने आपली सीमा आखण्यात काय वाटले असेल, याची कल्पना करावी.

चॅटमच्या गोऱ्यांना हा शेजार नको होता. एडविन लार्विल या पुढाऱ्याने वसाहतीविरुद्ध सभा भरविल्या. वसाहतवाल्यांनी वाद घातला नाही. झाडे तोडली, शेते पिकविली, मताधिकार मिळविला. १८५७ च्या निवडणुकीत लार्विल पराभूत झाला, त्यात त्यांच्या मतांचाही वाटा होता.

आता शाळेकडे वळू. १८५० साली निघालेल्या या शाळेत लॅटिनसुद्धा शिकवीत. शिक्षण इतके उत्तम, की शेजारच्या गोऱ्यांची मुलेही तेथे येऊ लागली आणि त्यांची स्वतःची शाळा ओस पडली. कालपर्यंत ज्यांना अक्षर शिकविणे दक्षिणेतील कित्येक राज्यांत गुन्हा होता, त्यांच्या शाळेचे दार गोऱ्या मुलांसाठी उघडे राहिले! कॅनडात जन्मलेला पहिला कृष्णवर्णीय डॉक्टर अँडरसन ॲबट याच शाळेचा विद्यार्थी.

मेरी ॲन शॅड या बाणेदार संपादिकेने १८५३ साली 'प्रोव्हिन्शियल फ्रीमन' हे पत्र सुरू केले. कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या शाळांना तिचा विरोध होता. ज्ञातिसंस्था चालविणाऱ्या आम्हांस तिचा आक्षेप बोचतो आणि तो बोचावाच. तिचे कुटुंबीय मात्र पुढे बक्स्टनमध्येच स्थायिक झाले. आमच्या मते त्यात विसंगती नाही. ती शाळा आपल्यांनी उभारलेली असूनही केवळ आपल्यांचीच नव्हती.

१८६५ नंतर, अमेरिकेत गुलामगिरी संपताच, पुष्कळ जण तिकडे परतले. वसाहत लहान होत गेली. १८६१ साली बांधलेली शाळेची इमारत अद्याप उभी आहे, आणि दरवर्षी सप्टेंबरच्या आरंभी दूरदूरचे वंशज तेथे जमतात.

निधीच्या नियमांतील 'ज्ञातीतील' हा शब्द गाळावा, अशी सूचना आम्ही सभेपुढे ठेवीत आहोत. तिला अनुमोदन मिळावे, ही विनंती.