पोटखराबा आणि बावल्यांचे टेंब



या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदाचा मान मोठा आहे, तो मी मनापासून स्वीकारते. मी साहित्याबद्दलच बोलणार आहे. मात्र त्यासाठी तुम्हाला आधी कोकणातल्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळपठारावर न्यावे लागेल.

नोकरीच्या पहिल्या काही वर्षांतली गोष्ट. सातवीच्या वर्गाला मी 'माझा आवडता खेळ' हा निबंध घातला होता. एका मुलाने लिहिले, आम्ही गुरे घेऊन सड्यावर जातो आणि हत्तीच्या पोटात लंगडी खेळतो. रेघेबाहेर पाय पडला की बाद. मी लाल शाईने खाली शेरा मारला : 'कल्पनाशक्ती चांगली आहे. विषयाला धरून लिहावे.' मुलगा काही बोलला नाही. वही घेऊन जागेवर जाऊन बसला.

पुढे कित्येक वर्षांनी वर्तमानपत्रांतून कातळशिल्पांची छायाचित्रे येऊ लागली. रत्नागिरीचे सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांचे सहकारी सुट्टीच्या दिवशी सडे तुडवत होते, वाडीवाडीत जाऊन म्हाताऱ्यांना आणि गुराख्यांना विचारत होते, की कातळावर काही चित्रे-बित्रे आहेत का हो? आणि लोक सहज म्हणत होते, आहेत की. आज एकट्या रत्नागिरी जिल्ह्यात सत्तरहून अधिक गावांतून दीड हजारांवर आकृत्या नोंदल्या गेल्या आहेत. त्या बातम्या वाचताना मला ती वही आठवली. मुलाने कल्पना केलीच नव्हती. त्याने डोळ्यांनी पाहिलेले लिहिले होते आणि त्याच्या मराठीच्या बाईंनी ते खोडले होते.

मी त्याला शोधून काढले. आता तो चाळिशी ओलांडलेला, चिरेखाणीवर मशीन चालवणारा गृहस्थ आहे. म्हणाला, "बाई, दुपारी नको, काही दिसणार नाही. उन्हं उतरली की जाऊ." आम्ही पाचच्या सुमाराला चढलो. वर काळपट तांबडा कातळ, करड झालेले गवत आणि वारा. त्याने वहाणा काढल्या, म्हणून मीही काढल्या. मला काहीच दिसेना. त्याने केरसुणीने एके ठिकाणची माती झाडली, बाटलीतले पाणी ओतले. पाणी एका खाचेतून सरकत गेले, वळले, पुन्हा वळले, आणि त्या ओल्या रेघेतून हत्तीचा पाय उभा राहिला. बोटाचे पेर बुडेल एवढी खोल रेघ. कडा पावसाने गोल झालेल्या, तरी हात फिरवला की कारागिराने कुठे थांबून दिशा बदलली ते कळते. पोटाची रेघ धरून मी चालले तर बरीच पावले भरली. एवढे मोठे चित्र काढणाऱ्याला ते काढताना एका नजरेत दिसतच नसणार. त्याने ते मनात धरून खोदले.

याहून मोठा हत्ती राजापूर तालुक्यात कशेळीला आहे. सुमारे 18 मीटर लांब, 13 मीटर रुंद, आणि त्याच्या अंगात इतर प्राण्यांच्या आणि जलचरांच्या कितीतरी लहान आकृत्या. बारसूच्या सड्यावर एक माणूस दोन्ही बाजूंच्या दोन वाघांच्या मध्ये उभा आहे. 2023 साली तेलशुद्धीकरण प्रकल्पाच्या वादामुळे बारसूचे नाव महाराष्ट्रभर झाले, तेव्हा त्या माणसाकडे फार थोड्यांचे लक्ष गेले. देवाचे गोठणे इथे कातळावर कोरलेल्या मनुष्याकृतीपाशी होकायंत्राची सुई भरकटते. आणि गेंडा! आज या किनाऱ्यावर गेंडा कुठेही नाही, पण सड्यावर तो कोरलेला आहे. ज्याने कोरला त्याने तो पाहिला असला पाहिजे. या चित्रांत नांगर नाही, पेरणी नाही; आहेत ते प्राणी, पक्षी, मासे, कासवे. म्हणूनच अभ्यासक ती शेती सुरू होण्याआधीच्या शिकारी माणसांची मानतात आणि त्यांचे वय हजारो वर्षांत मोजतात.

2022 साली युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, जांभरुण, उक्षी, सिंधुदुर्गातले कुडोपी आणि गोव्यात कुशावती नदीकाठचे फणसायमळ अशी नऊ ठिकाणे गेली. यांतल्या कुडोपीपाशी मी जरा थांबते. तिथले लोक त्या जागेला बावल्यांचे टेंब म्हणतात. बावल्या म्हणजे बाहुल्या आणि टेंब म्हणजे टेकाड. पुरातत्त्वाचा एकही माणूस तिथे पोचला नव्हता, तेव्हाही टेकाडावर काय आहे हे त्या नावात लिहिलेले होते. ते वाचणारे आम्ही नव्हतो.

आता त्याच जमिनीची दुसरी नोंद पाहा. सातबारा उघडा. लागवडीला न येणाऱ्या जमिनीला तिथे एकच शब्द आहे : पोटखराबा. मैलोन् मैल पसरलेले कितीतरी सडे त्या एका शब्दाखाली गेले आहेत. महसुलाच्या हिशेबात तो शब्द चूक नाही, कातळावर भात होत नाही. पण तो कचेरीतून बाहेर पडला आणि आमच्या तोंडी बसला. 'वर काय, नुसता कातळ' हे वाक्य मी सुशिक्षित घरांत शेकडो वेळा ऐकले आहे. जिथे काहीच नाही असे ठरले, तिथे काहीही करायला मोकळीक मिळते.

तिथे काय आहे, ते सांगते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या लाव्हाचा काळा खडक तयार झाला. पुढे लाखो वर्षे ऊन-पावसाने तो कुजवला, त्यातले विरघळणारे वाहून गेले, लोह आणि ॲल्युमिनियम मागे उरले आणि त्याचा तांबडा, सच्छिद्र जांभा झाला. पाऊस या जांभ्यातून झिरपतो आणि खाली झऱ्यांना, विहिरींना, पऱ्यांना येतो. सडा फोडला की पायथ्याच्या वाडीची विहीर का आटते, हे बायकांना विचारा. पावसाळ्यात त्याच कातळावर बोटभर मातीत सीतेची आसवे निळीजांभळी होतात, गेंद पांढरा फुलतो, आणि पहिल्या पावसाबरोबर दीपकाडी उमलते. ही दीपकाडी कोकणाच्या जांभ्यावरचीच, जगात दुसरीकडे तिचे घर नाही.

या दगडाच्या शास्त्रीय नावाचीही एक गोष्ट आहे. फ्रान्सिस बुकॅनन हा ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर मलबारात अंगाडीपुरमला गेला असता तिथले लोक हा दगड ओला असताना विटांसारखा कापताना त्याला दिसले. ते या दगडाला विटेचा दगडच म्हणत. विटेला असलेल्या लॅटिन शब्दावरून 1807 साली त्याने 'लॅटराइट' हे नाव केले. म्हणजे आज जगभरच्या पुस्तकांत आहे ते नाव मुळात मलबारातल्या खाणकऱ्यांच्या तोंडचे आहे. एका परक्या माणसाने कान दिला म्हणून ते टिकले. माझ्या वर्गात मी तो कान दिला नाही.

आणि मित्रहो, आपल्या लेखनातही तो कमीच दिला गेला, असे माझे स्पष्ट मत आहे. कोकणावर मराठीत उदंड लिहिले गेले. माड-पोफळी, आगर, खाडी, माजघर, भुते, गणपती. ते सारे सुंदर आहे आणि त्यावरच मी वाढले. पण त्यात सडा येतो तो ओलांडण्यापुरता. वर गुरे राखणारी पोरे काय पाहतात, कुठल्या खळग्यात वैशाखापर्यंत पाणी राहते, कुठल्या रेघेवर पाय द्यायचा नाही, हे आपल्या कथा-कादंबऱ्यांत फार थोडे आले, कारण लिहिणारे बहुतेक खालच्या आगरातले होते आणि गुरे राखणारे वर होते. कोकणातल्या माणसांइतकाच हा दोष कोकणावर प्रेम करणाऱ्या पुण्या-मुंबईच्या आम्हा वाचकांचाही आहे.

आता गुरे कमी झाली. पोरे सड्यावर जात नाहीत. ज्यांना जागा ठाऊक आहेत ती माणसे बहुतेक सत्तरीच्या पुढची आहेत. उक्षीसारख्या गावाने लोकसहभागातून आपला हत्ती राखला, पण दर सड्यापाशी तसा गाव उभा राहिलेला नाही. मी एका ठिकाणी खाणीच्या कडेला अर्धा प्राणी पाहिला आहे. मागचे दोन पाय आणि शेपूट शाबूत. पुढचा भाग चिरे होऊन कुणाच्या तरी घराच्या जोत्यात गेला. बांधणाऱ्याला दोष देऊन उपयोग नाही. त्याला चिरा हवा होता आणि कागदावर तो पोटखराबा होता.

म्हणून या संमेलनाकडे माझे एक मागणे आहे. ठराव करा किंवा करू नका, पण इथल्या प्रत्येक शाळेतल्या मराठीच्या शिक्षकाने येत्या वर्षात आपल्या गावच्या सड्यावरची नावे लिहून घ्यावीत. टेंब, कोंड, खळगे, दगड, व्हाळ, सगळ्यांची. नाव कुणी सांगितले, त्याने ते कुणाकडून ऐकले, त्यामागे काय कथा सांगतात, तेही लिहावे. बोलीत सांगितले तर बोलीतच लिहावे, प्रमाण मराठीत धुऊन घेऊ नये. आणि एखाद्या मुलाने चमत्कारिक काही लिहिले तर लाल पेन उचलण्याआधी त्याच्याबरोबर वर जाऊन यावे.

माझा विद्यार्थी मला त्या संध्याकाळी खाणीच्या कडेपर्यंत घेऊन गेला. खाण सरळ हत्तीच्या रोखाने आली होती आणि पंधरा-वीस पावलांवर काटकोनात वळली होती. मी विचारले, दगड संपला का? तो म्हणाला, "नाही बाई, दगड चांगला आहे पुढे. मालकाला सांगितलं, इथून नाही कापणार."

उद्या सकाळी साडेसहाला मंडपाच्या दारातून आम्ही काही जण त्याच सड्यावर निघणार आहोत. तो वाट दाखवायला येतो आहे. ज्यांना यायचे त्यांनी वहाणा हातात घ्यायची तयारी ठेवावी. केरसुणी आणि पाणी मी आणते.