अर्थशास्त्राची पहिली पायरी
(संस्थेच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



दहावीनंतर कला किंवा वाणिज्य शाखेत गेलेल्या मुलामुलींची अर्थशास्त्राशी प्रथमच गाठ पडते. ही पहिली भेट अनेकांना जड जाते. त्याविषयी मी चार शब्द बोलणार आहे. मी विद्वान नाही. या विषयात ठेच खाल्लेला माजी विद्यार्थी, एवढाच माझा अधिकार.

माझे शिक्षण दहावीपर्यंत उर्दूतून झाले. अकरावीत मराठी माध्यमाच्या वर्गात बसलो. पहिल्या चाचणीत २० पैकी ४ गुण मिळाले. व्याख्या तोंडपाठ होत्या, पण 'मागणीची लवचीकता' म्हणजे नेमके काय, हे मला समजले नव्हते. घरी येऊन म्हणालो, "अब्बा, हा विषय माझ्याच्याने होणार नाही. मी कॉलेज सोडतो."

अब्बा हंगामात संत्री छाटून पेट्या भरण्याचे काम करीत. ते म्हणाले, "बेटा, सोडायचे ते नंतर सोड. आधी विषय कशाचा आहे ते मला सांग." मी चाचरत सांगितले. ऐकून ते हसले. "माल कमी येतो त्या साली बगीचेवाल्याला पैसा होतो. झाडे लदतात त्या साली तोडणीचा खर्च निघत नाही. हेच ना तुझे शास्त्र?"

होय, हेच ते! समजा, १०० पेट्या २०० रुपये भावाने विकल्या, तर २०,००० रुपये आले. पुढच्या साली सगळीकडेच पीक वाढले. १२५ पेट्या खपवायला भाव १२० वर आणावा लागला, तर हाती १५,००० च आले. भाव शेकडा ४० ने उतरला, पण खप शेकडा २५ नेच वाढला. अशा मागणीला पुस्तक 'अलवचीक' म्हणते. अब्बांना ही गोष्ट ठाऊक होती, शब्द ठाऊक नव्हता. माझ्याजवळ शब्द होता, पण गोष्ट नव्हती.

मित्रहो, आपल्यापैकी पुष्कळांची अडचण बुद्धीची नसून शब्दांची आहे. उर्दूत आपण तलब आणि रसद शिकलो, मराठीत तेच मागणी आणि पुरवठा, इंग्रजीत डिमांड आणि सप्लाय. उर्दूतला इफादा मराठीत उपयोगिता होतो. वहीत तीन रकाने आखून हे शब्द समोरासमोर लिहा. निम्मी भीती तिथेच जाईल.

'इतर परिस्थिती कायम असताना' या वाक्याची मुले थट्टा करतात. ती परिस्थिती पालटली की काय होते, हे नरखेड-काटोलच्या संत्रेवाल्यांना विचारा. बांगलादेश हा नागपुरी संत्र्याचा मोठा ग्राहक. २०१९ नंतर त्या देशाने आयात शुल्क वाढवत नेले. निर्यात घटली आणि त्याची झळ आपल्या बगीच्यांपर्यंत पोचली. फळ तेच, गोडी तीच, पण मागणी बदलली.

हा विषय आपला नव्हे, असेही कोणी समजू नये. इब्न खल्दून यांनी १३७७ साली लिहिलेल्या 'मुकद्दिमा'त दाखवले आहे की, एकट्या माणसाला आपल्यापुरता गहूसुद्धा पिकवता येत नाही. नांगर करणारा लोहार-सुतार लागतो. मात्र अनेकांनी मिळून काम केले तर सर्वांची गरज भागून वर उरते. आपल्याच महाराष्ट्राचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी रुपयाच्या प्रश्नावर इंग्रजीत ग्रंथ लिहिला. तो १९२३ साली प्रसिद्ध झाला.

पालकांना माझी विनंती आहे. पहिल्या चाचणीचे गुण पाहून मुलाला कामाला लावू नका आणि मुलीचे नाव काढू नका. बँकेच्या नोकरीचा आणि स्पर्धा परीक्षांचा रस्ता या विषयावरून जातो. महिन्यातून एकदा घरचा हिशेब मुलांसमोर मांडा. किराणा किती, उधारी किती, कर्जाचा हप्ता किती, हे मुलीलाही कळू द्या. शिक्षकांनी फळ्यावर आकृती काढण्यापूर्वी शनिवार-रविवारच्या बाजारातला एखादा भाव विचारावा.

मी त्या वर्षी कॉलेज सोडले नाही. वार्षिक परीक्षेत पहिला आलो नाही, पण पास झालो आणि पुढे याच विषयात पदवी घेतली. माझे पहिले प्राध्यापक अब्बाच होते, आणि ते शाळेत चौथीपर्यंतच गेले होते.