पहिला डोस गाडी येण्याआधी

अपुऱ्या दिवसांच्या बाळासाठी आईला द्यायचं डेक्सामेथासोन तुम्हा सिस्टरांना नवं नाही. ६ मिलिग्रॅम, दर १२ तासांनी, चार वेळा. आपल्या कुपीतून काढायचं तर दीड मिली. पाठ आहे सगळ्यांना! तरी ३० आठवड्यांची बाई कळा देत जिल्हा रुग्णालयात पोचते आणि चिठ्ठीवर इंजेक्शनचा पत्ता नसतो, कारण ‘पुढे देतीलच’. माझं भांडण या ‘पुढे’शी आहे. या औषधानं बाळाच्या फुप्फुसात सरफॅक्टंट वाढतं. ते कमी पडलं की श्वास सोडताना वायुकोश मिटून चिकटतात. पण हे काम विरजणासारखं आहे. पंगत बसल्यावर दुधाला विरजण लावून काय उपयोग? आणि घाई आहे म्हणून दुप्पट घातलं, तर दही आंबेल, लवकर लागणार नाही. पूर्ण गुण यायला साधारण एक दिवस लागतो, आणि १०८ ची वाट, रस्ता, केसपेपर यांत त्यातलेच तास जातात. चारही डोस होतील असं दिसत नसलं तरी पहिला द्याच. पाठवण्याआधीचा हा डोस देण्याची मुभा एएनएमलाही २०१४ पासून आहे.

कुणी म्हणेल, २०१५ च्या सहा देशांतल्या चाचणीचं काय? बेळगाव आणि नागपूरही त्यात होतं. स्टिरॉइडचा वापर वाढला, पण लहानखुऱ्या बाळांना फायदा दिसला नाही, उलट एकूण नवजात मृत्यू वाढले. आक्षेप रास्तच आहे. मात्र तिथे आठवड्यांचा हिशेब बऱ्याचदा अंदाजानं झाला, आणि इंजेक्शन घेतलेल्या कितीतरी बायकांची बाळं मुळात लहान नव्हतीच. विरजण भलत्याच दुधात पडलं. पुढे भारतासह पाच देशांतल्या रुग्णालयांत सोनोग्राफीनं आठवडे ठरवून, २६ ते ३३ आठवड्यांच्या बायकांना हेच औषध दिलं. २०२० साली निकाल आला: नवजात मृत्यू २३.५ टक्क्यांवरून १९.६ वर आले, आणि आईला जंतुसंसर्गही वाढला नाही. म्हणून सुरुवातीची सोनोग्राफी कार्डावर हवी, आईला संसर्ग नाही हे पाहायला हवं, आणि गाडी नवजात कक्ष असलेल्या रुग्णालयाकडेच वळायला हवी. एवढं जुळलं की मग ‘पुढे’ नको.

३४ आठवड्यांनंतर द्यावं का, त्यात बाळाची साखर उतरते त्याचं काय, हा विषय वेगळा, आणि निवेदक घड्याळ दाखवताहेत. तेव्हा पुन्हा तेच सांगते: गाडीला फोन लावला की लगेच मांडीत इंजेक्शन, आणि वेळ चिठ्ठीवर ठळक लिहा, दुसरा डोस १२ तासांनी तिकडच्या सिस्टरला द्यायचा आहे.