शिक्षा आणि कलंक
(नवी पेठ, सोलापूर येथील व्याख्यानाचा सारांश)



फ्रेंच भाषेत 'कोंदाने' हे एकच क्रियापद दोन कामे करते. न्यायाधीश आरोपीला शिक्षा ठोठावतो तेव्हा ते येते आणि समाज एखाद्या कृत्याचा निषेध करतो तेव्हाही तेच येते. मराठीने या दोन क्रिया वेगळ्या ठेवल्या. शिक्षा सुनावणे हे न्यायालयाचे काम. धिक्कार हा लोकांचा अधिकार. हा भेद मोलाचा आहे. कारण कायद्याने दोषी ठरलेला मनुष्य नीतीनेही दोषी असतोच असे नाही.

सोलापूरला हे नव्याने शिकवावे लागत नाही. मे 1930 मध्ये या शहरावर लष्करी कायदा लादण्यात आला. पोलिसांच्या हत्येच्या आरोपावरून मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी देण्यात आले. सरकारी दप्तरात ते खुनी राहिले. शहराने त्यांना हुतात्मे म्हटले.

परंतु याच शहराने उलट प्रकारही पाहिला. 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा 1911 मध्ये विस्तारला आणि मुंबई इलाख्यालाही लागू झाला. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड 'सेटलमेंट' उभी राहिली. तेथे खटला नव्हता, साक्षीपुरावा नव्हता. जन्म हाच गुन्हा होता. हजेरीच्या धाकाखालील हे श्रमिक गिरण्यांच्याही उपयोगी पडले. नीतीची भाषा भांडवलाच्या सोयीची कशी होते, याचे हे उदाहरण आहे.

31 ऑगस्ट 1952 रोजी कायदा रद्द झाला, माणसे 'विमुक्त' ठरली. पण 1959 मध्ये मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला आणि संशयाला नवे नाव मिळाले. फ्रेंच कायद्यात 'रेअबिलितास्यों' अशी तरतूद आहे : शिक्षा भोगल्यावर ठराविक काळ पुन्हा गुन्हा न घडल्यास तिचे कायदेशीर परिणाम पुसले जातात. ज्यांना शिक्षाच झाली नाही, त्यांचा कलंक मग कोणी पुसावा? 3 ऑक्टोबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंग नियमावल्यांतील जातीवर आधारित कामवाटप घटनाबाह्य ठरवले आणि विमुक्तांविषयीच्या पूर्वग्रहांवरही बोट ठेवले. न्यायालयाने आपले काम केले.

उरलेले काम लोकांचे आहे. गावात चोरी झाली की पहिला संशय पालावर जातो, तेव्हा तेथे उभे राहून पुरावा मागणे हे कार्यकर्त्याचे कर्तव्य होय. धिक्कार करायचाच असेल तर तो त्या संशयाचा व्हावा.