ट्रॅक थांबला, गाणं नाही

नवरात्रात वाशीला आमच्या गटाचं गाणं होतं. पेटी-तबलेवाले परवडेनात, म्हणून संगीत मोबाइलवरून लावलं. दुसऱ्या कडव्याला फोन आला आणि संगीत बंद! आमची आक्का टाळ्या वाजवत गात राहिली, म्हणून लाज राहिली.

तेव्हापासून आमचा नेम ठरलाय. ट्रॅक घरीच फोनमध्ये उतरवून घ्यायचे. मंडपात नेटचा भरवसा नाही. नावाआधी 01, 02 असे आकडे टाकायचे; नुसते 1, 2 टाकले तर काही फोनमध्ये 1 नंतर थेट 10 येतो. पट्टीही नावातच लिहायची, ‘काळी चार’ अशी. पुरुषाच्या पट्टीतल्या ट्रॅकवर आपला आवाज खाली अडकतो. कार्यक्रमात फोन फ्लाइट मोडवर, स्पीकरला वायरने जोडलेला. तेच ट्रॅक दुसऱ्या फोनमध्येही. आणि फोन सांभाळायला न गाणारी एक बाई.

आमच्या आगरी लग्नातले धवले मात्र आम्ही ट्रॅकशिवायच गातो. धवलारीण विधी बघून थांबते, मग पुढचं कडवं घेते. ट्रॅक कुणासाठी थांबत नाही. म्हणून सरावात मधूनच ट्रॅक बंद करून बघा, बायांनो. गाणं पुढे चाललं, तर तुमची तयारी झाली.