मुलींनाही डोंगर दाखवा



सहलीची चिठ्ठी घरी आली की मुलाच्या चिठ्ठीवर सही लगेच होते, मुलीची मात्र अडते. त्याविषयी दोन शब्द बोलावयाचे आहेत.

सांगली, सातारा, कोल्हापूर व रत्नागिरी या जिल्ह्यांत सह्याद्रीच्या माथ्यावर चांदोलीचे राष्ट्रीय उद्यान पसरले आहे. क्षेत्र सुमारे ३१८ चौरस किलोमीटर. २००४ साली त्यास हा दर्जा मिळाला. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर ते जागतिक वारसा यादीत गेले. तेथे गवे आहेत, शेकरू आहे. रानाने धरून ठेवलेले पावसाचे पाणी वारणेला कसे मिळते, हे तेथे डोळ्यांनी पाहता येते. भूगोलाचा हा धडा फळ्यावर अर्धाच कळतो.

मुंबईत १८९६ साली जन्मलेल्या सलीम अलींना बालपणी पिवळ्या गळ्याची चिमणी सापडली. ही कोणती, असे त्यांनी विचारले. मामांनी त्यांना गप्प बसविले नाही. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे पाठविले. तेथून थोर पक्षिशास्त्रज्ञ घडला.

असा प्रश्न आपल्या मुलींनाही पडू द्या. सोबत शिक्षिका असाव्यात, वनखात्याची परवानगी घ्यावी, वाटाड्याचे ऐकावे, कचरा परत आणावा. एवढी काळजी घेतल्यावर मुलींना घरी ठेवण्यास कारण उरत नाही.